वाचकांचे प्रश्न : टाइप रेटिंगचे लाख आणि बॉण्डची वर्षे

सिंधुदुर्गातल्या चिपीचे आणि गोव्यातल्या मोपाचे विमानतळ सुरू झाल्यापासून कोकणातल्या बऱ्याच घरांत वैमानिकीचा विषय निघू लागला आहे. आमच्याकडे येणारी पत्रे बहुतेक पालकांची असतात आणि प्रश्न पैशाचे. त्यांतली निवडक या अंकात एकत्र घेतली आहेत. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी एक खुलासा. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हातात आला म्हणून लगेच एअरबस चालवता येत नाही. मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि त्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. हेच टाइप रेटिंग. विमान कंपनी हा खर्च स्वतः करते किंवा उमेदवाराला उचल देते, तेव्हा बदल्यात ठरावीक वर्षे नोकरी सोडणार नाही असा करार लिहून घेते. तो बॉण्ड.

मुलाचा सीपीएल गोंदियाला झाला, २०० तास पूर्ण आहेत. वर्षभर घरीच आहे. मुंबईतली एक संस्था म्हणते, १८ लाखांत एअरबस ए-३२० चं रेटिंग करून घ्या, नोकरीसाठी आम्ही मदत करू. दोन हंगामांचं आंब्याचं उत्पन्न बाजूला ठेवलंय, बाकीचं कर्ज काढू. करावं का? (एक पालक, देवगड)

विमान कंपनीचे पत्र हातात नसेल तर करू नका. मुलगा घरी बसलेला पाहून जीव तुटतो हे आम्हाला कळते, आणि ‘रेटिंग झालं की नोकरी’ हे वाक्य नेमके अशाच वेळी खरे वाटते. पण रेटिंग फार लवकर शिळे होते. प्रवासी विमान उडवायचे तर मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झालेले असावे लागतात. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉकपिटची नक्कल असलेल्या यंत्रावर, प्रावीण्य चाचणी द्यावी लागते; इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून उडवण्याच्या पात्रतेची, चाचणी वर्षातून एकदा. घरी बसून यातले काहीच चालू राहत नाही. वर्षभराने मुलाखतीची वेळ येते तेव्हा पुन्हा सिम्युलेटरचे तास विकत घ्यावे लागतात. शिवाय बऱ्याच कंपन्या निवडलेल्या उमेदवाराला आपल्याच कार्यपद्धतीत, आपल्याच ठिकाणी शिकवतात. मग तुम्ही भरलेल्या १८ लाखांना तिथे काही किंमत उरत नाही.

एकच अपवाद धरा. कंपनीच्या जाहिरातीत ‘ए-३२० रेटिंग असलेलेच उमेदवार’ असे स्पष्ट म्हटले असेल आणि मुलगा लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी व मुलाखत पार करून सशर्त पत्र घेऊन आला असेल, तर विचार करा. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असेल तर चालणार नाही, विमान कंपनीचेच हवे. ‘मदत करू’ या शब्दांना करारात काही अर्थ नसतो.

आता १८ लाखांत काय येते ते पाहा. बाजारात ए-३२० साठी साधारण १२ ते २० लाखांचे आकडे सांगितले जातात. एवढा फरक पडतो तो काय धरले आणि काय वगळले यावरून. संस्थेकडून पुढच्या प्रत्येक बाबीपुढे ‘समाविष्ट’ किंवा ‘वेगळे’ असे लिहून घ्या: वर्गातले शिक्षण आणि प्रणालींची लेखी परीक्षा, स्थिर कॉकपिटवरची सत्रे, हलत्या फुल फ्लाइट सिम्युलेटरची सत्रे किती आणि किती तासांची, परीक्षकाचे मानधन, जीएसटी, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) फी, राहणे-जेवणे, आणि नापास झाल्यास एका जादा सत्राचा दर. सगळ्यांत महत्त्वाची ओळ बेस ट्रेनिंगची. २०० तासांच्या नव्या वैमानिकाला सिम्युलेटर पुरत नाही, खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग करून दाखवावे लागतात. संस्थेकडे स्वतःचे ए-३२० नसते, ते विमान कंपनीकडून मिळवावे लागते. ज्याच्यामागे कंपनी नाही तो इथेच अडकतो. सिम्युलेटरचे प्रमाणपत्र हातात असते, परवान्यावर नोंद मात्र होत नाही. परदेशात करणार असाल तर ती संस्था आणि ते सिम्युलेटर डीजीसीएला मान्य आहे का, हे पैसे पाठवण्याआधी तपासा.

हिशेब असा मांडा. १५ लाख कर्ज, ११ टक्के दर, ७ वर्षे मुदत धरली तर हप्ता जवळपास २५,७०० रुपये येतो आणि परतफेड साडेएकवीस लाखांच्या वर जाते. दोन वर्षे नोकरी लागली नाही आणि हप्ते पुढे ढकलले, तर सरळव्याजानेच ३ लाख ३० हजार चढतात. कलमांवर मोहोर कधी येईल आणि त्या वर्षी थ्रिप्स ही कीड किती पडेल हे तुम्हाला आधी कळत नाही, तसेच विमान कंपन्यांची भरती कधी निघेल हेही कळत नाही. अनिश्चित उत्पन्नावर अनिश्चित नोकरीचे कर्ज उभे करू नका.

त्या पैशातून मुलाचे इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टी-इंजिनची (एकाहून अधिक इंजिनांच्या विमानाची) पात्रता चालू ठेवा, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत चुकवू नका आणि प्रवेश परीक्षांची तयारी करून घ्या. भरती निघते तेव्हा कागद चालू असलेला मुलगा पुढे जातो.

बाग तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळेल का? सातबारा सामाईक आहे, चुलतभाऊ मुंबईत आहेत. (राजापूर)

बागेवर मिळणे कठीण आहे. कर्ज थकल्यास बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण जप्त करून विकू शकते, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. म्हणून लाखमोलाची हापूसची बाग शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बँकेला फारशी उपयोगाची वाटत नाही. तिला हवी असते बिगरशेती जागा, सदनिका, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी. गावठाणातले घर द्यायचे म्हटले तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे केला जातो, पण तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत तुमच्या गावची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर ती दाखवा.

सामाईक सातबाऱ्यावर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणी आल्या आणि वारस नोंद न झालेले काकाही आले. संमतीने वाटप करायचे तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करता येतो. त्याला महिने लागतात, म्हणून मुलाची बॅच ठरल्यावर धावपळ करू नका, मुलगा बारावीला असतानाच हे काम हाती घ्या.

बँकांच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागते. शाखेत सर्वांत आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: टाइप रेटिंगला तुम्ही शैक्षणिक अभ्यासक्रम मानता का? नाही म्हणाले तर तेच पैसे वैयक्तिक कर्जाच्या चढ्या दराने घ्यावे लागतील, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे मिळणारी वजावटही हाती लागणार नाही. ती वजावट तशीही जुन्या करपद्धतीतच आहे.

मुलगी अकरावी विज्ञानला आहे, चष्मा आहे. आतापासून काय करावं? (गुहागर)

चष्म्याने अडत नाही, नजर चष्म्याने पूर्ण होत असली की पुरे. रंगांधळेपणा मात्र अडवतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत. एक रुपया फी भरण्याआधी क्लास २ आणि त्यामागोमाग क्लास १ (व्यावसायिक परवान्याला लागणारी) वैद्यकीय तपासणी करून घ्या. उड्डाणाचे पैसे भरल्यावर हृदयाच्या आलेखात काही निघाले तर ते पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

मुलीची एका विमान कंपनीत निवड झाली. रेटिंगचा खर्च कंपनी करणार, पण २४ लाखांचा, पाच वर्षांचा बॉण्ड ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मागतात. मला जामीनदार म्हणून सही करायची आहे आणि दोन कोरे चेकही द्यायचे आहेत. वकील म्हणतात, असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत. बिनधास्त सही करू का? (मालवण)

मुलीचे मनापासून अभिनंदन. वकिलांचा सल्ला मात्र अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा तुम्हाला महागात पडेल.

बरोबर अर्धा असा. कोणालाही कोर्टामार्फत जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही. नोकरी सुटल्यावर दुसरीकडे काम करण्यास बंदी घालणारी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली निरर्थक ठरते. आणि कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंड ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई देते, २४ लाख लिहिले म्हणून २४ लाख आपोआप देणे लागत नाही. कंपनीने प्रशिक्षणावर खरोखर किती खर्च केला, त्यातली किती वर्षांची सेवा तिला मिळाली, हे पाहिले जाते.

आता उरलेला अर्धा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. नोकरीच्या काळापुरते असे बंधन म्हणजे व्यवसायावर बंदी नव्हे, असे तत्त्व त्यात मांडले आहे. म्हणजे बॉण्ड हा रद्दी कागद नाही. कंपनीने सिम्युलेटरची बिले दाखवली तर भरपाईचा दावा पक्का होतो.

म्हणून सही करण्याआधी मसुदा घरी आणा आणि या ओळी शोधा.

पहिली, पाच वर्षे कधीपासून मोजणार. रुजू झाल्यापासून, रेटिंग झाल्यापासून की लाइन रिलीज झाल्यापासून? रेटिंगनंतर प्रवाशांसह प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उड्डाणे करावी लागतात, मग रिलीज चेक होतो, त्यानंतर मुलगी नियमित सहवैमानिक होते. प्रशिक्षक आणि सिम्युलेटर मोकळे नसतील तर यात सहा-आठ महिने सहज जातात. मोजणी रिलीजपासून असेल तर पाच वर्षांची साडेपाचच्या वर होतात. बिनपगारी रजा, प्रसूती रजा, आजारपण यांनी मुदत पुढे सरकते का, तेही याच कलमात असते.

दुसरी, रक्कम कशी उतरते. २४ लाख भागिले ६० महिने म्हणजे महिन्याला ४० हजार. महिन्यागणिक उतरणारा बॉण्ड असेल तर ३६ महिन्यांनी ९ लाख ६० हजार उरतात आणि ५० महिन्यांनी ४ लाख. वर्षागणिक उतरणारा असेल तर ४७ व्या महिन्यात सोडल्यास पूर्ण दोन वर्षांचे पैसे, म्हणजे सरळ हिशेबाने निघणाऱ्या ५ लाख २० हजारांऐवजी ९ लाख ६० हजार द्यावे लागतात. आणि काही मसुद्यांत रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत २४ लाखच राहते. महिन्यागणिक उतरण आग्रहाने मागा. मागितल्यावर सगळेच मिळते असे नाही, पण न मागता काहीच मिळत नाही.

तिसरी, कंपनीकडून चूक झाली तर काय. पगार थकला, कंपनीने कामावरून कमी केले, मुलगी वैद्यकीय कारणाने अपात्र ठरली किंवा कंपनीच बंद पडली, तर बॉण्ड संपतो असे स्पष्ट लिहिलेले असावे. ही कल्पनेतली भीती नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. त्या दिवशी अनेक तरुण वैमानिकांचे हप्ते चालू होते.

तुमच्या स्वतःच्या सहीबद्दल. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. कंपनीला आधी मुलीच्या मागे लागावे लागत नाही, ती थेट तुमच्यावर दावा करू शकते. म्हणून जामिनाची रक्कमही बॉण्डबरोबर उतरत जाईल, व्याज आणि खर्च धरून अमुक रकमेच्या वर जाणार नाही, असे वाक्य त्यात घालून घ्या.

कोरे चेक देऊ नका, हे आम्ही ठामपणे सांगतो. सही केलेला कोरा चेक घेणाऱ्याने नंतर भरला तरी चेक न वटल्याच्या खटल्यातले गृहीतक सही करणाऱ्याविरुद्ध लागू होते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. बॉण्डचा वाद दिवाणी असतो, चेकचा फौजदारी होतो. कंपनी ऐकतच नसेल तर चेकवर रक्कम भरा, आणि चेक क्रमांक, रक्कम व ‘केवळ बॉण्डच्या सुरक्षेपोटी’ असा उल्लेख असलेले पत्र देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मुलीची मूळ गुणपत्रके किंवा परवाना ठेवून घेण्याची अट असेल तर सरळ नकार द्या. परवाना तिच्याजवळ असल्याशिवाय तिला उडताच येणार नाही.

सहवैमानिक आहे, पाचपैकी तीन वर्षं झाली. दुसरीकडे चांगली संधी आहे. बॉण्डची रक्कम भरली की दुसऱ्या दिवशी मोकळा का? (दापोली)

नाही. बॉण्ड आणि नोटीस या दोन वेगळ्या गाठी आहेत. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या नियमावरून वैमानिक संघटना न्यायालयात गेलेल्या आहेत, तरी नवी कंपनी आजही जुन्या कंपनीचे ना-हरकत पत्र मागते. जुन्या कंपनीने मनात आणले तर ती नोटीस कमी करून लवकर सोडू शकते. २०२३ मध्ये अकासाचे काही वैमानिक नोटीस न पाळता गेले तेव्हा कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावे लावले, आणि तिची बरीच उड्डाणेही रद्द झाली.

क्रम असा ठेवा. आधी नव्या कंपनीचे लेखी नियुक्तिपत्र, त्यात रुजू होण्याची तारीख सहा महिन्यांनंतरची. नवी कंपनी बॉण्डची रक्कम भरणार असेल तर तेही त्याच पत्रात, आणि ती त्याबदल्यात स्वतःचा नवा बॉण्ड लावते का हे पाहून. मग राजीनामा, ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने दोन्हीकडून. त्याच आठवड्यात उरलेल्या रकमेचा हिशेब लेखी मागा. पैसे धनाकर्षाने (डीडीने) किंवा बँकेतून द्या आणि ‘पूर्ण व अंतिम’ अशी पावती घेतल्याशिवाय जामीनदाराचा विषय संपला असे मानू नका. वडिलांचे चेक परत घ्यायचे बहुतेक जण विसरतात. नोटीस काळात प्रावीण्य चाचणीची मुदत उलटू देऊ नका, नाहीतर नव्या ठिकाणी पुन्हा सिम्युलेटरपासून सुरुवात होते.

चिपीला एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान येतं. एटीआरचं रेटिंग करावं की ए-३२० चं? (वेंगुर्ला)

ज्या कंपनीने निवडले तिच्याकडे जे विमान आहे त्याचे. हे उत्तर फार साधे वाटेल, पण इथे आवडीला फारसा वाव नाही. मोपाला तळ असलेल्या फ्लाय९१ कडे एटीआर ७२-६०० आहेत, अलायन्स एअरकडेही एटीआर, इंडिगोकडे ए-३२० कुटुंब आणि एटीआर दोन्ही, अकासाकडे बोइंग ७३७ मॅक्स. ए-३२० चे रेटिंग ए-३१९ आणि ए-३२१ ला फरकाच्या प्रशिक्षणाने चालते, तसेच एटीआर ४२ आणि ७२ चे. एटीआरवरून एअरबसवर जाताना मात्र पूर्ण नवे रेटिंग आणि बहुधा नवा बॉण्ड.

एटीआरला कमी लेखू नका. छोट्या पट्ट्या, दिवसात अनेक लँडिंग, पावसाळ्यात किनाऱ्यावरचा वारा, यांत हात लवकर बसतो.

मोठ्या ऑर्डरच्या बातम्यांवरून भरतीचा अंदाज बांधू नका. जून २०२३ मध्ये इंडिगोने ५०० विमाने मागवली, पण ती अनेक वर्षांत येतात. त्याच वर्षी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषामुळे असलेली विमानेही जमिनीवर उभी राहिली. विमान आले तरी नव्या सहवैमानिकाला शिकवणारा प्रशिक्षक मोकळा लागतो, आणि गाडे बहुधा तिथेच अडते.

पुढच्या महिन्यात मुलाचं ए-३२० चं सिम्युलेटर सुरू होतंय, कंपनीमार्फत. जादा सत्रांचे पैसे आपल्याला भरायचे आहेत. ते टाळायला घरी काय तयारी करावी? (रत्नागिरी)

सत्र साधारण चार तासांचे आणि दोघांत वाटलेले असते. दोन तास एकाने उडवायचे, दोन तास दुसऱ्याने. जोडीदार कच्चा असला की तुमचेही तास वाया जातात, म्हणून दोघांनी आधीपासून रोज फोनवर कॉल (कॉकपिटमध्ये म्हणायची ठरलेली वाक्ये) आणि चेकलिस्ट एकत्र म्हणाव्यात. कॉकपिटचे पूर्ण मापाचे पोस्टर भिंतीला लावा, समोर खुर्ची ठेवा आणि प्रत्येक फ्लो (स्विचांचा ठरलेला क्रम) बोटाने दाखवत, तोंडाने म्हणत करा. पाठ करायच्या कृती झोपेतून उठवल्यावरही आल्या पाहिजेत. सिम्युलेटरमध्ये स्विच शोधण्यात गेलेला वेळ हाच पुढे जादा सत्राचा खर्च होतो.

मुले सर्वांत जास्त अडतात ती व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो) नंतर इंजिन बंद पडण्याच्या सरावात. विमान बंद इंजिनाकडे वळते आणि नवखा मुलगा साइडस्टिकने, म्हणजे हातातल्या दांड्याने, सावरू पाहतो. सावरायचे असते पायाने, रडर (शेपटीचे सुकाणू) देऊन धावपट्टीच्या मध्यरेषेवर. नाक सावकाश उचलून साधारण साडेबारा अंशांवर धरायचे, डिस्प्लेवरचे निळे बीटा टार्गेट (विमान किती तिरके जाते ते दाखवणारी खूण) रडरने मध्यात आणायचे, चाके वर घ्यायची आणि ४०० फुटांपर्यंत इकॅमच्या (बिघाड दाखवणाऱ्या पडद्यावरच्या) कृतींना हातही लावायचा नाही. घाईने चुकीचे इंजिन बंद करण्यापेक्षा तेवढा वेळ सरळ उडणे महत्त्वाचे. दुसरी अडचण एका इंजिनावरच्या गो-अराउंडची, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याची. थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे जाताना पाय त्याच क्षणी चालला नाही तर दिशा सुटते. तिसरी, डिस्प्लेच्या वरच्या ओळीतले मोड न वाचणे. ऑटोपायलट काय करतो आहे हे तिथे लिहिलेले असते, आणि प्रत्येक बदल मोठ्याने म्हणायचा असतो. परीक्षक तो आवाज ऐकत असतो.

प्रत्येक सत्रानंतर प्रशिक्षकाचा शेरा आणि गुण त्याच दिवशी वाचून सही करायला सांगा. जादा सत्र लागलेच तर कोणत्या सरावासाठी लागले हे शेऱ्यात लिहिलेले हवे. सिम्युलेटर बंद पडला किंवा जोडीदार आला नाही म्हणून राहिलेल्या तासांचे बिल मुलाच्या नावावर लागू नये, आणि लागले तर हाच शेरा दाखवून त्याला हरकत घ्या.